कर्नल अपडेटनंतर लिनक्स सुरूच होत नाही, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच

नौपाड्यात गोखले रोडला लागून माझ्या मामाचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, सोसायट्यांच्या वार्षिक सभेच्या नोटिसा, आणि दिवसभर आधार-पॅनच्या झेरॉक्स. तिथला कॉम्प्युटर २०२० साली मी लिनक्स मिंट २० वर आणला, पुढे त्याचाच २१ केला. मशीन चांगलं चालतं. फक्त दर दोन-तीन महिन्यांनी सकाळी साडेनऊला मामाचा फोन येतो.

"अरे, परत तसंच झालंय. काळा पडदा, पांढरी अक्षरं. बाहेर माणसं उभी आहेत."

"मामा, शेवटची ओळ वाच."

"कर्नल... पॅनिक. पॅनिक म्हणजे घाबरणं ना रे? हा कशाला घाबरलाय? घाबरायचं तर मी."

असं चार वेळा झालं. पहिल्या तिन्ही वेळा मी जुन्या कर्नलवरून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) मशीन सुरू करून दिलं आणि 'अपडेटमध्येच काहीतरी घोळ असणार' म्हणून विषय मिटवला. चौथ्या वेळी कळलं की घोळ मीच घालून ठेवत होतो, आणि माझ्या दर वेळच्या दुरुस्तीतूनच पुढच्या वेळची तयारी होत होती. तुमचंही मशीन कर्नल अपडेटनंतर पुन्हा पुन्हा अडत असेल तर आधी हेच तपासा.

कमांड मी फोनवर मामाला सांगतो तशाच लिहितोय. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी, अक्षरं सगळी लहान लिपीतली (जिथे मोठी हवीत तिथे वेगळं सांगेन), आणि इथे जागा सोडली असेल तिथे तुम्हीही स्पेस सोडायची.

आधी दुकान उघडू द्या

गिऱ्हाईक समोर उभं असताना कारण शोधत बसायचं नाही. आधी जुन्या कर्नलवरून मशीन चालू करायचं. उबंटू (मिंट ज्यावर बेतलंय ते लिनक्स) आणि मिंट नवा कर्नल टाकताना जुना लगेच काढत नाहीत, तो याच दिवसासाठी असतो.

मशीन चालू करताना ग्रबचा, म्हणजे कुठला कर्नल सुरू करायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू दिसायला हवा. बहुतेक ठिकाणी तो लपवलेला असतो. जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं. यूईएफआय (बायॉसची नवी पिढी) असेल तर कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदा-दोनदा टिचकीसारखं मारायचं. मामा एस्केपवर टायपिंगच्या परीक्षेला बसल्यासारखा तुटून पडतो, मग मेनूच्या ऐवजी नुसतं 'ग्रब' लिहिलेली काळी पाटी येते. तसं झालं तर घाबरू नका. 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा आणि लगेच पुन्हा एकदा एस्केप. मेनू येतो.

मेनूत दुसरी ओळ 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' अशी असते. तिच्या आत सगळे कर्नल नवा वर, जुना खाली असे लावलेले असतात. वरून दुसरा निवडायचा, 'रिकव्हरी मोड' लिहिलेला नव्हे, साधा. नव्वद टक्के वेळा मशीन काहीच झालं नाही अशा थाटात सुरू होतं.

इथेच बहुतेकजण थांबतात. मीही तीनदा थांबलो.

पासवर्ड विचारला का?

मामाच्या मशीनची डिस्क मी पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली आहे. दुकानात लोकांच्या आधार कार्डांची, जातीच्या दाखल्यांची स्कॅन येऊन पडतात. उद्या कोणी मशीन उचलून नेलं तर ते सगळं उघड्यावर नको. त्यामुळे मशीन सुरू होताना आधी डिस्कचा पासवर्ड मागतं, आणि त्यानंतर मिंटचा नेहमीचा पडदा.

मशीन कुठल्या टप्प्यावर अडलं ते याच पासवर्डावरून कळतं. ग्रब कर्नल उचलतो, सोबत इनिटरॅमएफएस नावाची एक गाठोडीवजा फाइल उचलतो. डिस्क ओळखण्यासाठी, कुलूप उघडण्यासाठी, एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडणारी व्यवस्था) वाचण्यासाठी लागणारी हत्यारं त्या गाठोड्यात असतात. कर्नल ते गाठोडं मेमरीत सोडतो, त्यातून डिस्क उघडतो, मूळ फाइलसिस्टिम जोडतो, मग सिस्टिमडी नावाचा प्रोग्राम बाकीच्या सेवा सुरू करतो आणि शेवटी लॉगिनचा पडदा येतो. पासवर्ड विचारणारा प्रोग्राम गाठोड्यातच असतो. म्हणजे पासवर्ड विचारलाच नाही, तर गाडी ठाण्याहून सुटलेलीच नाही. पासवर्ड घेतला आणि मग पडदा काळा झाला, तर ती ऐरोली-रबाळ्याच्या पुढे कुठेतरी अडली आहे, आणि तिथे शोधायच्या गोष्टी पूर्ण वेगळ्या.

मामाला चौथ्या वेळी मी हे पहिल्यांदाच विचारलं. "नाही रे, आज पासवर्ड विचारलाच नाही. बरं झालं म्हटलं, एक कटकट कमी."

मग त्याला पडद्याचा फोटो पाठवायला सांगितला. शेवटच्या ओळींत असं होतं: 'कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)'. तो शून्य-शून्य महत्त्वाचा. कर्नलला एकही डिस्क दिसत नाहीये, कारण डिस्क दाखवणारं गाठोडंच त्याला मिळालेलं नाही. कर्नल बिघडलेला नाही, त्याला रिकाम्या हाताने पाठवलंय.

फोटो काढायलाच हवा, कारण या टप्प्यावरच्या चुकीची नोंद कुठेच राहत नाही. मूळ डिस्कच जोडली गेली नाही तर लॉग लिहिणार कुठे? पहिल्या वेळी मी जुन्या कर्नलवरून सुरू करून शहाण्यासारखं 'जर्नलसीटीएल -बी -१' बघितलं. उणे एक म्हणजे मागची वेळ. पण त्याने दाखवली आदल्या दिवशीची, नीट सुरू झालेली वेळ. पॅनिक झालेली वेळ त्याच्या लेखी घडलीच नव्हती. मी तासभर त्या निरपराध लॉगमध्ये गुन्हेगार शोधत होतो.

गाठोडं गेलं कुठे

जुन्या कर्नलवर आल्यावर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून ही एकच कमांड:

डीएफ -एच /बूट

मामाने वाचून दाखवलं: साइज ७०५ एम, यूज शंभर टक्के.

डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट करून मिंट किंवा उबंटू टाकलं की इन्स्टॉलर '/बूट' साठी एक वेगळं, बिनकुलपाचं छोटं पार्टिशन करतो. एन्क्रिप्शन नसेल तर '/बूट' मुख्य पार्टिशनमध्येच असतं आणि ही भानगड सहसा येत नाही. मामाच्या मशीनवर ते ७०५ एमबीचं. आता आत काय आहे ते बघू:

एलएस -एलएच /बूट

प्रत्येक कर्नलमागे तिथे चार फाइली असतात. 'व्हीएमलिनुझ' म्हणजे खुद्द कर्नल, सुमारे ११ एमबी. 'सिस्टिम डॉट मॅप' सहा-सात एमबी. 'कॉन्फिग' किरकोळ. आणि 'इनिटआरडी डॉट आयएमजी', म्हणजे आपलं गाठोडं, सव्वाशे एमबीच्या आसपास. एका कर्नलचे झाले साधारण १४० ते १४५. चार कर्नल मावतात. पाचव्याच्या वेळी 'व्हीएमलिनुझ' बसतो, आणि गाठोडं बांधता बांधता जागा संपते. पडद्यावर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येऊन जातं, पण अपडेट मॅनेजरची ती खिडकी मामा वाचत नाही. मीही वाचली नसती.

चार कर्नल असतानाही निवांत राहता येत नाही. आहे त्याच कर्नलचं गाठोडं नव्याने बांधायचं असलं, उदाहरणार्थ फर्मवेअरचं पॅकेज अपडेट झालं, तरी सिस्टिम आधी '.न्यू' शेपटीची नवी फाइल लिहिते आणि पूर्ण झाल्यावरच जुनीच्या जागी ठेवते. म्हणजे सव्वाशे एमबी मोकळी जागा कायम लागते.

मामाच्या '/बूट' मध्ये पाच 'व्हीएमलिनुझ' होते आणि चारच गाठोडी. सगळ्यात नव्याचं गाठोडं नव्हतं, आणि ग्रब आपोआप उचलतो तो सगळ्यात नवाच.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस छळत होती. अपडेट झालं त्या दिवशी मशीन नीट सुरू व्हायचं आणि आठवड्याने मान टाकायचं. म्हणून अपडेटवर संशय घ्यायला मन तयार होत नव्हतं. कारण असं आहे: कर्नल बसवताना पुढची कामं ओळीने होतात, त्यात गाठोडं बांधणं आधी आणि ग्रबची यादी ताजी करणं सगळ्यात शेवटी. गाठोड्यापाशी चूक झाली की ओळ तिथेच तुटते, ग्रबला नव्या कर्नलचा पत्ताही लागत नाही, आणि तो जुन्यावरच सुरू करत राहतो. मग कधीतरी दुसऱ्याच कारणाने 'अपडेट-ग्रब' चालतं, त्याला '/बूट' मध्ये तो अर्धवट नवा कर्नल दिसतो, आणि तो त्याला यादीत पहिला नंबर देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन.

पाच कर्नल आलेच कसे

हा माझा पराक्रम. ऍप्ट (पॅकेजं टाकणारा-काढणारा प्रोग्राम) स्वतःहून इतके कर्नल साठवत नाही. चालू असलेला कर्नल आणि सगळ्यात नवे एक-दोन सोडले तर बाकीचे 'ऑटोरिमूव्ह' मध्ये निघून जातात. अट एकच: ते आपोआप आलेले असले पाहिजेत. हाताने बसवलेलं पॅकेज ऍप्ट मालकाची इच्छा समजून कधीच काढत नाही.

पहिल्या वेळी मशीन बंद पडलं ते खरंच अपघाताने. जूनमधला पहिला मोठा पाऊस, अपडेट चालू असताना वीज गेली, आणि कर्नलचं पॅकेज अर्धवट राहिलं. त्या दिवशी मी काय केलं? अर्धवट पॅकेज नीट केलंच, पण 'असू दे एक हाताशी' म्हणून आधी नीट चाललेला ५.१५.०-९१ नाव घेऊन 'ऍप्ट इन्स्टॉल' ने बसवला. झाला तो हाताने बसवलेला. दुसऱ्या वेळी त्याच भीतीने ५.१५.०-९४. तिसऱ्या वेळी ९७. घरात पाणी येत नाही म्हणून बादल्या भरून ठेवाव्यात आणि बादल्यांमुळे न्हाणीघरात पाय ठेवायला जागा उरू नये, तसं.

तुमच्याकडे असं झालंय का ते बघायला:

ऍप्ट-मार्क शोमॅन्युअल | ग्रेप लिनक्स-इमेज

मधली उभी रेघ एंटरच्या वरच्या बटणावर शिफ्ट दाबून येते. उत्तरात आकडे असलेली नावं दिसली तर ती हाताने बसवलेली. 'लिनक्स-इमेज-जेनेरिक' असं आकडा नसलेलं नाव दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. ते नुसतं पाटीचं पॅकेज आहे, नवा कर्नल कोणता ते तेच सांगतं. ते निघून गेलं तर पुढे कर्नलची सुरक्षा अपडेटंच यायची बंद होतील, आणि मशीन छान चालतंय म्हणून तुम्हाला कळणारही नाही.

साफसफाई

आधी 'यूनेम -आर' मारून आत्ता कुठल्या कर्नलवर बसलाय ते कागदावर लिहून घ्या. बसलेली फांदी तोडायची नाही.

मग हाताने बसवलेल्या जुन्यांवरची खूण काढायची. चालू असलेला वगळून, एकेक:

सुडो ऍप्ट-मार्क ऑटो लिनक्स-इमेज-५.१५.०-९१-जेनेरिक

त्याच आकड्याची 'लिनक्स-मॉड्यूल्स', 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' आणि 'लिनक्स-हेडर्स' ही पॅकेजंही हाताने बसवली असतील तर त्यांनाही तेच. मग:

सुडो ऍप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

तो काय काय काढणार याची यादी आधी दाखवतो. ती वाचा. मामाला मी मोठ्याने वाचायला लावली. 'वाय' दाबण्याआधी त्यात 'यूनेम' वाला आकडा नाही ना, एवढंच बघायचं.

जागा पूर्ण शंभर टक्के भरली असेल तर ऍप्ट इथे अडेल. अर्धवट पॅकेज आधी पुरं करा म्हणेल, आणि पुरं करायला जागा नसेल. अशा वेळी '/बूट' मधल्या फाइली भराभर 'आरएम' ने उडवायचा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही. फाइल उडवली तरी पॅकेजच्या नोंदीत कर्नल तसाच राहतो, आणि चुकून चालू कर्नलची फाइल गेली तर उद्या उठायला काहीच नाही. त्यापेक्षा सगळ्यात जुन्या कर्नलचं गाठोडं तात्पुरतं दुसरीकडे न्या:

सुडो एमव्ही /बूट/इनिटआरडी.आयएमजी-५.१५.०-९१-जेनेरिक /व्हार/टीएमपी/

सव्वाशे एमबी मोकळे झाले. आता अर्धवट राहिलेलं पुरं करा:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

सुडो ऍप्ट -एफ इन्स्टॉल

आणि लगेच वरची साफसफाई. जुना कर्नल निघाल्यावर '/व्हार/टीएमपी' मधली ती फाइलही काढून टाकायची, नाहीतर तिथे अडगळ.

शेवटी नव्या कर्नलचं गाठोडं खरंच बांधलं गेलं का याची खात्री:

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल

सुडो अपडेट-ग्रब

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात प्रत्येक 'फाउंड लिनक्स इमेज' खाली एक 'फाउंड इनिटआरडी इमेज' दिसली पाहिजे. ज्या कर्नलखाली ती नाही, तो उद्याचा फोन. मामाला एवढंच सांगितलं: "जोड्या मोज." त्याला ते लगेच कळलं, लग्नपत्रिकांवर वधू-वरांची नावं लावणारा माणूस तो.

पासवर्ड घेतला आणि मग पडदा काळा झाला

हा प्रकार मामाचा नाही, माझा. ऐरोलीच्या घरच्या मशीनचा. त्यात एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे आणि वर उबंटू २२.०४. इथे गाठोडं नीट असतं, डिस्क उघडते, पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी तयारच झालेला नसतो. असे ड्रायव्हर डीकेएमएस नावाची व्यवस्था दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधते. काही यूएसबी वायफाय डोंगलचंही तसंच, फक्त तिथे पडदा काळा होण्याऐवजी इंटरनेट जातं.

आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून बघा. अक्षरांचं लॉगिन आलं तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र नाही. आलं नाही तर ग्रबमध्ये त्या कर्नलवर उभं राहून 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटचे 'क्वाएट स्प्लॅश' काढून तिथे 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. चित्र ओबडधोबड येईल, पण येईल.

मग:

डीकेएमएस स्टेटस

नव्या कर्नलच्या आकड्यापुढे 'इन्स्टॉल्ड' दिसत नसेल तर कारण बहुधा तीनातलं एक. सगळ्यात साधं म्हणजे त्या कर्नलचं 'लिनक्स-हेडर्स' पॅकेज नाही. जागा वाचवायला मी एकदा ती सगळी उडवली होती, आणि पुढच्या अपडेटला फळ मिळालं. पाटीचं 'लिनक्स-हेडर्स' पॅकेज परत टाका, डीकेएमएस स्वतःच कामाला लागतं.

दुसरं कारण कंपायलर, म्हणजे कोडमधून ड्रायव्हर बांधणारा प्रोग्राम; इथे तो जीसीसी. २०२४ च्या सुरुवातीला उबंटू २२.०४ वर ६.५ कर्नल आला तो जीसीसी १२ ने बांधलेला होता, आणि २२.०४ चा नेहमीचा जीसीसी ११. ड्रायव्हर बांधताना ११ ला 'एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट' हा पर्याय ओळखताच येईना, कारण तो आलाच १२ मध्ये. 'जीसीसी-१२' पॅकेज टाकून ड्रायव्हर पुन्हा बांधला की झालं. पण हे कळायला '/व्हार/लिब/डीकेएमएस' च्या आत त्या ड्रायव्हरच्या फोल्डरमधली 'मेक.लॉग' फाइल उघडावी लागते. ती उघडा. अंदाजाने ड्रायव्हर काढणं-घालणं करण्यात माझा एक अख्खा रविवार गेला आहे.

तिसरं सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलंच सुरू होऊ देणारी मशीनची सोय. ड्रायव्हर बांधला जातो, पण सहीची किल्ली मशीनला मान्य नसते. 'मॉडप्रोब' ने हाताने चढवायला गेलं की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' म्हणतो. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळा पडदा येऊन तोच मागतो. तो पडदा दहा सेकंद थांबतो. चहा आणायला गेलात की संधी गेली, आणि मागणीही रद्द. पुन्हा मागणी करायला:

सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/एमओके.डीईआर

यातलं 'एमओके' (तीच ती सहीची किल्ली) तेवढं मोठ्या लिपीत. पुन्हा सुरू करा आणि या वेळी निळ्या पडद्यासमोर बसून राहा. 'एनरोल एमओके' निवडायचं, 'कंटिन्यू बूट' नाही.

कर्नलवर उगाच आळ येतो ती दोन कारणं

कर्नल अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट होतं, आणि बरेच जण त्याच एका दिवशी रीस्टार्ट करतात. त्यामुळे महिनाभर दडलेली दुसरी दुखणीही त्याच दिवशी उघडी पडतात.

'ए स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत दीड मिनिट मोजत बसलं आणि मग 'यू आर इन इमर्जन्सी मोड' आलं, तर '/ईटीसी/एफएसटॅब' (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) बघा. कुठल्यातरी बाहेरच्या डिस्कची ओळ असेल, आणि ती डिस्क कोणीतरी काढून नेली असेल. ओळीत 'नोफेल' घाला.

'इनिटरॅमएफएस' असं कंसात लिहून कर्सर लुकलुकत असेल आणि वर 'रन एफएससीके मॅन्युअली' असेल, तर वीज गेल्याने फाइलसिस्टिम दुखावली आहे. वर ज्या पार्टिशनचं नाव आहे तेच घेऊन 'एफएससीके -वाय' चालवा, मग 'एक्झिट'. यूपीएस नसेल तर घ्या. पावसाळ्यात ठाण्यात विनायूपीएस अपडेट मारणं मी बंद केलंय.

जुना कर्नलही उठत नसेल तर

तेव्हा मिंटचा पेन ड्राइव्ह. त्यावरून लाइव्ह सुरू करायचं आणि आतल्या सिस्टिममध्ये शिरून गाठोडं बांधायचं. एन्क्रिप्टेड डिस्कवर एका जागी हमखास चूक होते, म्हणून ती सांगतो. मामाच्या मशीनवर एसडीए१ ईएफआय, एसडीए२ बूट, एसडीए३ कुलूपबंद. तुमची नावं 'एलएसबीएलके' ने बघून घ्या.

सुडो क्रिप्टसेटअप ओपन /डेव्ह/एसडीए३ एसडीए३_क्रिप्ट

शेवटचा शब्द मनाने द्यायचा नाही. तुमच्या सिस्टिमच्या '/ईटीसी/क्रिप्टटॅब' मध्ये जे नाव आहे तेच हवं. दुसरं नाव दिलंत तर डिस्क उघडेल, गाठोडंही बांधलं जाईल, पण त्यात कुलूप उघडायची माहिती जाणार नाही, आणि मशीन पुन्हा पासवर्ड न विचारताच अडेल. नाव माहीत नसेल तर काहीही नाव देऊन एकदा उघडा, क्रिप्टटॅब वाचा, बंद करा, आणि बरोबर नावाने पुन्हा उघडा.

सुडो व्हीजीचेंज -एवाय

सुडो माउंट /डेव्ह/व्हीजीमिंट/रूट /एमएनटी

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी/बूट

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय

मग 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' आणि 'रन' ही चारही '/एमएनटी' च्या आत 'माउंट --बाइंड' ने जोडा, आणि 'सुडो सीएचरूट /एमएनटी'. आता तुम्ही आतल्या सिस्टिममध्ये आहात. वरची साफसफाई, 'अपडेट-इनिटरॅमएफएस', 'अपडेट-ग्रब' सगळं इथून तसंच चालतं. 'माउंट /बूट' विसरलात तर नवं गाठोडं भलत्याच ठिकाणी, मुख्य पार्टिशनमधल्या रिकाम्या 'बूट' फोल्डरात जाऊन पडेल आणि सगळं बरोबर केल्यासारखं वाटेल. हेही मी केलेलं आहे.

मामाच्या मशीनवर आता काय बदललंय

हाताने बसवलेले तिन्ही कर्नल गेले. अपडेट मॅनेजरच्या सेटिंगमध्ये 'ऑटोमेशन' खाली जुने कर्नल आपोआप काढायचा पर्याय आहे, तो चालू केला. '/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब' मध्ये 'ग्रब टाइमआउट स्टाइल' ला 'मेनू' आणि 'ग्रब टाइमआउट' ला ५ दिलं, म्हणजे एस्केपची टायपिंग परीक्षा बंद. बदलल्यावर 'अपडेट-ग्रब' चालवावं लागतं. आता पाच सेकंद मेनू दिसतो. मामाची तक्रार आहे की त्यामुळे मशीन 'स्लो' झालं.

गाठोडंच लहान करायचा एक मार्ग आहे. '/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स' मधल्या 'इनिटरॅमएफएस.कॉन्फ' मध्ये 'मॉड्यूल्स' ला 'मोस्ट' ऐवजी 'डेप' द्यायचं. मग फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर गाठोड्यात जातात आणि आकार बराच उतरतो. मी ते मुद्दाम केलं नाही. दुकानाचा मदरबोर्ड जुना आहे, तो गेला तर हीच डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची वेळ येणार, आणि 'डेप' वालं गाठोडं अनोळखी मशीनवर उठेलच असं नाही.

'/बूट' मोठं करणं हा खरा उपाय, पण मागे लगेच कुलूपबंद पार्टिशन चिकटलेलं आहे. ते सरकवण्यापेक्षा सगळा डेटा बाहेर काढून नव्याने इन्स्टॉल करणं बरं. मिंट २१ ला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेटं मिळणार आहेत, तोवर दोन कर्नल आणि सव्वाशे-दीडशे एमबी मोकळे, एवढ्यावर हे मशीन चालतं. लग्नसराईत तर मी त्याला हात लावणार नाही.